आईच्या केबायाचा फोटो

वेनिंग,

हे तिसरं पत्र. आधीची दोन लिहिली, पण पेटीत टाकायचा धीर झाला नाही.

सहा वर्षांपूर्वी, आई गेल्यानंतरच्या चाळिसाव्या दिवशी, ती सणासमारंभाला अंगात घालायची तो जांभळा केबाया तू विकलास असं मी चारचौघांत म्हणाले. "नाही गं ताई, जपून ठेवलाय," तू रडत सांगत होतीस. मी ऐकून घेतलं नाही.

गेल्या महिन्यात एका वेबसाइटवर तोच केबाया विकायला दिसला. फोटो गळ्याखालचाच होता, पण बाहीवरचं आईच्या हातचं रफू मी ओळखलं. म्हटलं, बघा, विकलाच होता! तिथल्या तिथे पैसे भरले. केबाया आला नाही, आणि वेबसाइटही गायब झाली.

"आई, दुकानाचा पत्ता नाही, फोन नाही, किंमत निम्म्याहून कमी. एवढं तरी बघायचंस!" माझी लारास करवादली. मग तिनेच शोधून काढलं, फोटो कुठून चोरला ते. तुझ्या किनासिहच्या पदवीदानाचा होता तो, यंदाचाच. आईचा केबाया किती शोभतोय गं पोरीला!

पत्ता नसलेल्या दुकानावर मी मिनिटभरात विश्वास ठेवला, वेनिंग. तुझा पत्ता तर मला तोंडपाठ आहे.

तुझी आडमुठी ताई,
सुलास्त्री