पेचकस कानाला लावून

बाबा, परवा मी सदरला एक जुनी छोटी डिझेल गाडी पाहायला गेले होते. हुडकेश्वरहून उमरेडच्या कॉलेजात रोजचं जाणं-येणं, तेवढ्या पल्ल्याला डिझेलच परवडतं. विकणाऱ्यानं आधी सीटकव्हर दाखवली, मग म्हणाला, "मॅडम, एकदा साहेबाले घेऊन या ना." मी बॉनेटवर हात ठेवला. गरम होतं. थंड इंजिन सुरू होताना कुरकुरतं, ते लपवायला यानं मी यायच्या आधीच गाडी तापवून ठेवली होती. "उद्या येते, तोवर चालू करू नका," म्हटलं तर त्याचा चेहरा असा उतरला की मला मजा वाटली. तुमचीच मुलगी.

हे तुम्ही मला शिकवलं नाहीत. मी पाहून शिकले. जुनी गाडी घ्यायची तर अर्धं नागपूर तुम्हाला सोबत न्यायचं. लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. तुम्ही "घ्या" म्हणालात की सौदा पक्का. मी बारा वर्षांची होते. आपल्या गॅरेजात एका गाडीला तुम्ही "घ्या" म्हणालात आणि मी मध्येच बोलले, बाबा, खालून बेरिंग वाजतंय. आठ-दहा माणसं उभी होती. तुम्ही रागावला नाहीत. मला जवळ ओढलंत, पेचकसाची मूठ माझ्या कानात दाबलीत आणि म्हणालात, "आईक, काय म्हणून राहिली गाडी? म्हणून राहिली, पोरी, चहा मांड वं." सगळे हसले, तुम्ही सर्वांत जास्त. मी चहा मांडला. महिन्याभरात ती गाडी परत आली. बेरिंगच गेलं होतं.

मग पुढे तुमचे कान गेले. घरात सगळ्यांना कळलं होतं, तुम्हालाही; गिऱ्हाइकांना तेवढं माहीत नव्हतं. इतवारीतला तो कापडवाला जुनी डिझेल जीप घेणार होता. मी तुम्हाला स्कूटरवर नेलं. पेचकस लावून तुम्ही डोळे मिटलेत, नेहमीपेक्षा खूप जास्त वेळ. कापडवाला तोंडातला खर्रा थुंकायला वळला तेव्हा माझ्याकडे पाहून हळूच विचारलंत, "काही आवाज येते का वं?" उभ्या जन्मात पहिल्यांदा. खालून बारीक ठकठक येत होती, अगदी स्पष्ट. मी म्हणाले, "नाही बाबा. मक्खन चालून राहिली." तुम्ही त्याला म्हणालात, "घ्या."

पंधरा दिवसांनी रामटेकच्या रस्त्यावर, बायकापोरं आत असताना, त्याचं इंजिन जाम झालं. तो थेट आपल्या दारात आला. "मिस्त्री, कान गेले तं घरी बसा ना! लोकाइले काहून बुडवता?" सगळी गल्ली ऐकत होती. तुम्ही फक्त माझ्याकडे बोट दाखवायचं होतं. मी दारातच उभी होते. तुम्ही मान खाली घातलीत. त्यानंतर तुम्हाला गाडी पाहायला कोणी बोलावलं नाही. चार वर्षं ओट्यावर बसून रस्त्यानं जाणाऱ्या गाड्या पाहत राहिलात, आणि गेलात. मी रोज तुमच्यासमोर चहा ठेवत होते, आणि रोज मला बरं वाटत होतं. तुम्ही मला विचारलं होतं, हे आईला मी सांगितलं होतं; ती शेवटपर्यंत म्हणायची, "त्यायनं तुले वाचवलं वं." मला नाही तसं वाटत. गाडीचं पोरीला विचारलं, हे चारचौघांत कबूल करण्यापेक्षा बहिरा म्हणवून घेणं तुम्हाला परवडलं.

सदरची गाडी मी घेत नाही. दुसऱ्या दिवशी गेले, थंड इंजिन सुरू करायला लावलं, आणि आवाज नीट ऐकायच्या आधीच हात हलवून बंद करायला सांगितलं. सोमवारी नवी गाडी लीजवर घेतेय. तीन वर्षांनी परत करायची. आत काय वाजतं ते त्यांचं त्यांनी पाहावं.

पश्चात्ताप झाला असं लिहायला बसले होते, पण तो होत नाही, आणि खोटं लिहून हा कागद तुमच्या फोटोमागे ठेवण्यात अर्थ नाही. फाडून टाकेन. एवढंच सांगायचं राहिलं होतं, की तुम्ही विचारलंत तेव्हा मला इतकं बरं वाटलं होतं, की क्षणभर मी खरं सांगणार होते.