पाच वितींचा बाक

२ जून, सोमवार
गेलेल्या माणसाची हजेरी घेतात. ही कसली शाळा! सुतारकामाच्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी ह्यांचं नाव पुकारलं. पुन्हा पुकारलं. शेवटी शेजारचा रिटायर झालेला ड्रायव्हर म्हणाला, "वारले." विचारलं होतं कोणी त्याला?

असो. वही, नमस्कार. तुला ह्यांनी कोर्ससाठी आणलं होतं, आता मी लिहिणार. चौथी पास आहे, चालवून घे.

जानेवारीत ह्यांनी नाव घातलं आणि मार्चमध्ये गेले. दारापाशी चपला घालताना टेकायला दोघांपुरता बाक करायचा होता. फळ्या हॉलमध्ये पडून आहेत, रोज ठेच लागते. म्हणून जाते, बाकी काही नाही. दोन आठवड्यांत उरकते.

५ जून
पुन्हा नाव, पुन्हा ड्रायव्हरचं "वारले". मास्तरांना म्हटलं, नाव काढा ते. छापील यादी आहे म्हणे, नवी येईल तेव्हा बघू.

रंधा मारला. भांडी घासण्यासारखंच काम. अर्ध्या तासाने मास्तर म्हणाले, आजी, उलटा धरलाय.

९ जून
ह्यांच्या कागदावर माप आहे. लांबी पाच वीत, उंची दोन वीत. मास्तर टेप घेऊन आले नि विचारू लागले, वीत कोणाची? वीत ती वीत. तिला काय मालक असतो? मोजली, कापली. करवत सरळ गेली. सरळच म्हणायची.

१२ जून
अंगठ्यावर हातोडी बसली. नख काळं. ड्रायव्हर पाणी घेऊन धावला, दुखतंय का विचारत राहिला. नव्हतं दुखत. मार्चपासून काहीच दुखत नाही. तब्येत सुधारली असावी.

सूनबाई म्हणाली, आई, विकतचा आणू. मग ह्या फळ्या तू डोक्यावर घेऊन फिरणार का, म्हटलं.

१९ जून
बाक तयार. जरा डुलतो. ड्रायव्हरने विचारलं, लहान मुलांसाठी का? दुर्लक्ष केलं. त्यानेच गाडीतून घरी आणून दिला. आभार मानले नाहीत, शेफारेल.

२० जून, सकाळी
दारापाशी भिंतीवर ह्यांच्या पेन्सिलीच्या दोन खुणा आहेत. बाक इथून इथपर्यंत. एका खुणेला लावून ठेवला. दुसरीपर्यंत दीड वीत भिंत उरली.

माझी वीत. ह्यांचा पंजा मोठा. माहीत होतं मला.

बसून पाहिलं. गुडघे हनुवटीला. एकाच माणसाची जागा. बरंच झालं, पुसायला कमी.

२३ जून, सोमवार
नवी यादी आली. ह्यांचं नाव गेलं, माझं आलं. मास्तरांनी पुकारलं, मी ओ दिली नाही. ड्रायव्हर माझ्याकडे बोट दाखवू लागला.

"आजी, तुम्हीच म्हणालात ना, नाव काढा?" मास्तर म्हणाले.

"चुकलं. मापही चुकलं. दुसऱ्या फळ्या द्या आणि जुनं नाव घाला."

मास्तरांनी पेन पुढे केलं, तुम्हीच लिहा म्हणाले. पन्नास वर्षांत ते नाव तोंडाने घेतलं नाही. लिहायला काय जातं? लिहिलं. अक्षर बरं आलं.

गुरुवारी तेच पुकारायचं, सांगून आले. ड्रायव्हरने तोंड उघडायचं नाही. हजर मी म्हणणार.