सोबतीला ये

ता. ६ फेब्रुवारी

ती. ताईंना,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही शिवून पाठवलेले पडदे पोचले. खिडकीला लावल्यापासून समोरच्या गॅरेजचा दिवा डोळ्यांवर येत नाही आणि मी सकाळपर्यंत गाढ झोपते. मापं नुसती पत्रातून कळवली होती, तरी इतके नेमके कसे बेतलेत? तुमच्या हाताला तोड नाही.

आता मूळ गोष्ट. फोन करता येत नाही, कारण आमचं घर म्हणजे दीड खोली. मी कुजबुजले तरी ह्यांच्या कानावर जातं. ताई, तुमच्या भावाचा आवाज गेल्या पावसाळ्यात बसला, तो अजून उठायचं नाव घेत नाही. सर्दीत बसतो तसा नाही. संध्याकाळपर्यंत नुसती हवा निघते. बस स्थानकाच्या केबिनमध्ये बसून आयुष्यभर गाड्या पुकारणारा माणूस, ज्याला अख्खं स्थानक लाडानं भोंगा म्हणतं, तो घरी आल्यावर खुणेनं पाणी मागतो.

डॉक्टरांचं नाव काढलं की कारण तयार. कंट्रोलर म्हणाले, गुळण्या करा; हे गुळण्या करत बसले. चहावाला म्हणाला, मध चाटा. मधाची बाटली संपली. मग धुळीचा दोष, मग पंख्याचा, मग माईकचा. माईकसुद्धा बदलून झाला. परवा मात्र जेवता जेवता सहज बोलून गेले, की काकांना काहीच होत नव्हतं, तपासायला गेले आणि महिन्याभरात संपले. तेव्हा मला कळलं, पाणी कुठे मुरतंय ते.

तुमचं ते ऐकतील. फक्त मी कळवलं असं लिहू नका.

माझ्यावरची माया आटू देऊ नका, हीच विनंती.

तुमची
धाकटी भावजय


ता. १२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझ्या घशाबद्दल मला कोणीही काहीही कळवलेलं नाही. तुझ्या बायकोनं तर मुळीच नाही.

आता मुकाट्यानं पुढचं वाच. काका गेले तेव्हा तू शाळेत होतास, म्हणून तुला फक्त शेवटचा महिना आठवतो. त्यांचे कपडे मी धुवायची. रक्ताचे डाग पडलेले रुमाल ते वर्षभर स्वतःच चुरगाळून बादलीच्या तळाशी घालायचे आणि काकूला पान लागल्याचं सांगायचे. घरात सगळ्यांना ते पटायचं, कारण पटवून घेणं सोपं होतं. तपासणीनं त्यांचा जीव घेतला नाही रे. तपासणीपर्यंत ते पोचले तेव्हा फार उशीर झाला होता.

तू हट्टी आहेस, पण वेडा नाहीस. येत्या आठवड्यात घशाच्या डॉक्टरकडे जाऊन ये आणि मला कळव. तुझे भावोजी विचारत होते, आवाज नसताना बायकोशी भांडतोस कसा? मी म्हटलं, त्याची बायको दोघांचं भांडते.

रागावते ती मायेनंच, हे ध्यानात असू दे.

तुझी
ताई


ता. २० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माझी बायको निर्दोष असल्याचं वाचून समाधान वाटलं. सध्या ती माझी नजर चुकवत फिरते आहे.

ताई, तू लिहितेस ते मला कळत नाही असं नाही. पण पुढचा विचार कर. डॉक्टर म्हणाले, बोलणं बंद, की माझ्या खुर्चीत रेकॉर्ड केलेला आवाज बसेल. शेजारच्या स्थानकात बसला आहे. बाईचा आवाज आहे, गोड आहे आणि कधी रजा मागत नाही. आणि आत त्याहून वाईट काही निघालं तर? कळलेलं नाही तोवर मी भोंगा आहे. कळलं की मी पेशंट. लोक चहा पाजताना कपाकडे नाही, माझ्या गळ्याकडे बघतील.

आणि उपदेश करणाऱ्या बाईंनी स्वतः काय दिवे लावले? भावोजींकडून सगळं कळलं आहे मला. पन्नाशीपुढच्या बायकांच्या तपासणीला बोलवायला दवाखान्याच्या नर्सबाई तुझ्या दुकानात दोनदा येऊन गेल्या आणि दोन्ही वेळा तू पडद्यांआड लपलीस. गिऱ्हाइकाची घाई आहे म्हणे! तर असं करू. आधी तू जा. मग मी जातो. तोवर दोघांनीही एकमेकांना शहाणपण शिकवायचं नाही.

राग मानू नकोस. मानलास तर दोन दिवसांच्या वर टिकवू नकोस.

तुझा
धाकटा


ता. १५ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून असा संताप आला की हातातली कात्री ठेवली आणि तशीच दवाखान्यात गेले. तुझं तोंड बंद करायला गेले, दुसरा काही हेतू नव्हता.

आजवर का गेले नव्हते तेही सांगते; तू टोचलंस म्हणून, नाहीतर मी ते टाळलंच असतं. लाज. आमच्या गल्लीतल्या एका बाईची छाती काढावी लागली, तेव्हा नळावरच्या बायका तिच्या नवऱ्याबद्दल हळहळत होत्या. तिच्याबद्दल कोणी नाही. ते माझ्या कानात बसून राहिलं होतं. शिवाय मला काही दुखत नव्हतं. दुखत नाही म्हणजे नाहीच, असा मी हिशेब लावला होता.

धाकट्या, माझ्या डाव्या छातीत गाठ निघाली. हाताला लागणार नाही इतकी बारीक. तुकडा काढून तपासला. कर्करोग आहे. अगदी सुरुवातीला सापडला, बरी होशील, असं डॉक्टरीणबाईंनी माझा हात हातात घेऊन सांगितलं. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे.

तू आता तपासायला जा, असं मी म्हणणार नाही. ते तुझं तू बघ. मला भीती वाटते. तू ये. तुझे भावोजी दिवसभर माझ्यामागे पाण्याचा पेला घेऊन फिरतात, पण रक्त बघितलं की त्यांनाच खाट लागते, हे तुला ठाऊक आहे. माझ्याजवळ कोणीतरी आपलं बसलेलं हवं.

येताना गाडीत खिडकी बंद ठेव. वारा लागू देऊ नकोस.

वाट बघणारी
ताई


ता. १९ मार्च

ती. ताईंना,
शि. सा. न. वि. वि.

हे उद्या पहाटेच्या गाडीनं निघताहेत. पत्र वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं. तसेच कामावर गेले. तिकडे म्हणे एकच गाडी दोन वेगवेगळ्या फलाटांवर पुकारली आणि माणसं सामान घेऊन इकडून तिकडे धावली. दुपारी कंट्रोलरांकडे जाऊन रजा मागितली. ह्यांना रजेचा अर्ज कसा लिहितात तेही ठाऊक नव्हतं. तिकीट खिडकीवरच्या बाई तोवर गाड्या पुकारणार आहेत.

रात्री बॅग भरताना माझ्याकडे पाठ होती, पण खांदे हलत होते. मी पाणी भरायला निघून गेले. घशाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

ताई, मी किती महिने सांगत होते, जा. तुम्ही म्हणालात, ये. आणि हे उठले. तुमच्यावर इतकं मोठं संकट असताना तुमचे आभार मानते आहे, चुकत असेल तर पदरात घ्या. इथे माझा जीव सगळा तुमच्याकडे लागला आहे.

धीरानं असा. आम्ही तुमचीच आहोत.

तुमची
भावजय


ता. २६ मार्च

आमच्या घरच्या सरकारांना,
स. न. वि. वि.

ताईचं ऑपरेशन नीट पार पडलं. छाती काढावी लागली नाही, फक्त गाठ आणि भोवतालचा थोडा भाग काढला. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिल्यांदा काय विचारलं असेल? खोलीच्या खिडकीचा पडदा तिरका का शिवला आहे!

आता माझं. ताईला आत नेत होते, तेव्हा मी चाकाच्या खाटेबरोबर चालत होतो. काही होणार नाही, मी इथेच बसलोय, एवढंच मला म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि आवाजच निघाला नाही. पुन्हा प्रयत्न केला. नुसती फुसफुस. ताई माझ्या गळ्याकडे बघायला लागली. स्वतः ऑपरेशनला चाललेली बाई, आणि तिच्या डोळ्यांत काळजी माझी. दार बंद झालं तरी तिचा तो चेहरा डोळ्यांसमोरून हलेना.

भावोजींना कागदावर लिहून दाखवलं, की घशाचे डॉक्टर खालच्या मजल्यावर बसतात. ते म्हणाले, चल, ताई बाहेर यायच्या आत उरकू. दोघेही जिन्याच्या कठड्याला धरून उतरलो. आमच्यातला पेशंट कोणता, हे तिथल्या नर्सला विचारावं लागलं.

नाकातून बारीक नळी घालून डॉक्टरांनी घसा बघितला. स्वरयंत्रावर गाठी आहेत. वर्षानुवर्षं ताण देऊन होतात तशा दिसतात, पण काढून तपासल्याशिवाय खात्री देणार नाही, असं म्हणाले. पुढच्या आठवड्यात काढायच्या. मग बरेच दिवस एक शब्दही बोलायचा नाही. मी बाकावर येऊन बसलो आणि ढसाढसा रडलो. भीतीनं नव्हे ग. इतके महिने जे छातीवर घेऊन फिरत होतो, ते कोणाच्या तरी हातात दिलं, म्हणून.

तू मध आणत राहिलीस आणि भांडत राहिलीस. दोन्हींबद्दल तुझा ऋणी आहे. हे पत्र जपून ठेव. तोंडानं मी हे कबूल करणार नाही, आणि आता तर डॉक्टरांनीच मनाई केली आहे.

तुझाच
भोंगा


ता. २ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझ्या गाठींत वाईट काही निघालं नाही, हे तुझ्या बायकोनं फोनवर सांगितलं आणि मी दुकानातच मटकन खाली बसले. गिऱ्हाईक घाबरलं. त्याला वाटलं, मापात चूक झाली.

माझे किरणांचे उपचार संपले. थकवा आहे, शिलाई अर्ध्यावर आणली आहे, पण परवा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता सहा महिन्यांनी या. बाहेर आल्यावर रस्त्यावरची माणसं बघत उगाचच उभी राहिले. सगळीच ओळखीची वाटत होती.

कंट्रोलर तुझी जागा कोणाला देणार नाहीत असं कळलं. तिकिटाच्या बाईंनी पुकारलेल्या गाड्यांना प्रवासी कंटाळलेत म्हणे. तरी घाई करू नकोस. हळू बोलायला शिकवणाऱ्या बाई सांगतील तसंच कर.

तू टोमणा मारलास म्हणून मी वाचले. तू तो स्वतःची सुटका करून घ्यायला मारलास, हेही मला माहीत आहे. तरी उपकार ते उपकारच. देवाचे, डॉक्टरांचे, सगळ्यांचे मानून झाले. तुझे मानायचे राहिले होते, ते आज मानते.

काल आमच्या समोरची इस्त्रीवाली आली. नळावर सगळ्यात जास्त हळहळणारी तीच. एकच पडदा उलटसुलट बघत किती वेळ उभी होती. मग खाली मान घालून विचारलं, की त्या तपासणीला फार दुखतं का. पूर्वीची मी असते तर तिला चार शब्द सुनावले असते, जा म्हणून मागे लागले असते. काल मी फक्त म्हटलं, की मी येते तुझ्याबरोबर. तिनं मान वर केली आणि किती वाजता निघायचं ते विचारलं.

उद्या सकाळी तिच्याबरोबर जायचं आहे, म्हणून आज लवकर आवरते.

लोभ आहेच, तो असाच भांडखोर राहू दे.

तुझी
ताई