धाकट्याचं खातं

मंगळवार, ४ मार्च

घरचा सर्व्हर पुन्हा बसला! भर कामात, प्रेसमध्ये आईचा फोन. "फोटो उघडत नाहीत गं. नुसतं गोल गोल फिरतंय." घरी येऊन पाहिलं. मेमरी संपली की यंत्र डेटाबेसचाच, म्हणजे फोटोंची यादी सांभाळणाऱ्या प्रोग्रामचाच, गळा दाबतं. जुना कॉम्प्युटर, कपाटाखाली कोंबलेला. त्यात घरादाराचे सगळे फोटो. घरदार म्हणजे आता आम्ही दोघीच.

बुधवार, ५ मार्च

प्रेसमधले सर्व्हर सांभाळतो तो दाढीवाला. त्याला विचारलं. "डेटाबेसला एवढी मेमरी राखून ठेवलीस, मग बाकीच्यांनी काय हवा खायची?" खी खी हसला. राखीव वाटा निम्म्यावर आणला. आता पळेल.

गुरुवार, ६ मार्च

पळाला नाही. पुन्हा दुपारीच बसला.

शनिवार, ८ मार्च

सुट्टी. जड काम कोण मागतंय ते तरी कळू दे, म्हणून सगळ्या मागण्यांची नोंद चालू केली. जेवणं झाली, आई आतल्या खोलीत आडवी झाली — आणि सापडलं! कुणीतरी सगळेच्या सगळे फोटो एकदम मागतंय, तारखेने लावून. ती मांडणी करायला डेटाबेस वेगळी मेमरी घेतो. तिथेच त्याचा दम निघतो.

मागणारं खातं कुणाचं, ते पाहिलं.

धाकट्याचं.

पुढचं लिहवत नाही.

रविवार, ९ मार्च

लिहिते. धाकटा माझा भाऊ. होडी उलटली तेव्हा बाकीचे सगळे पोहत आले. तो आला नाही. काहीच सापडलं नाही — ना तो, ना त्याचा फोन. खातं तसंच राहिलं. आई काढू देईना.

आज दुपारीही आला. आधी लहानपणचे फोटो, मग पुढचे, त्याच्या पुढचे. होडी उलटली त्या दिवसापाशी थांबेल असं वाटलं होतं. थांबला नाही! नंतरचेही उघडले. आईचं ऑपरेशन. माझे पांढरे केस. सावकाश, एकेक.

पाठीशी कुणी उभं आहे असं सारखं वाटत होतं. वळून बघायची छाती झाली नाही.

सोमवार, १० मार्च

दाढीवाल्याला सांगितलं. हसला नाही. "फोन कुणाच्या तरी हाती लागला असेल. पासवर्ड बदल आणि मोकळी हो."

बदलणार होते. नाही बदलला. उलट प्रेसमधूनच त्या मांडणीला पुरेल एवढी मेमरी दिली, बाकीच्या कामांची कापून. का केलं, मलाच ठाऊक नाही. आज सर्व्हर बसला नाही. धाकट्याने शेवटच्या फोटोपर्यंत पाहिलं.

बुधवार, १२ मार्च

सुटलं कोडं!! दुपारीच घरी आले, तर आई पलंगावर बसलेली, टॅब मांडीवर, वर धाकट्याचं नाव. चोरी पकडल्यासारखी दचकली. पासवर्ड त्यानेच तिला सांगून ठेवला होता म्हणे.

"त्याच्या नावाने उघडलं की वाटतं, तोच बघतोय. आपण कशा आहोत ते त्याला नको का कळायला?"

रागवावं की रडावं कळेना. दोन्ही केलं. मग दोघी वेड्यासारख्या हसलो. नंतर चहा गाळता गाळता तीच म्हणाली, "काढून टाक ते खातं. मशीन बिचारं मरतंय. आणि मी तरी स्वतःला किती फसवू?"

शनिवारी काढेन. किती हलकं वाटतंय!

शनिवार, १५ मार्च

खातं काढायला बसले. आईचा टॅब कालपासून दुरुस्तीला, काच फुटली म्हणून. ती माझ्या शेजारीच मटार सोलत होती.

समोर नोंद उमटली. धाकटा. सगळे फोटो, तारखेने.

मग माझ्या एका फोटोपाशी थांबला. चेहऱ्याखाली नाव लिहायची सोय आहे, तिथे माझं नाव होतं. ते पुसलं गेलं. नवं आलं — "भिंगरी".

हे नाव आईला माहीत नाही. तो एकटाच म्हणायचा, तेही आजूबाजूला कुणी नसताना.

"झालं का काढून?" आईने विचारलं.

"झालं," म्हटलं. हातसुद्धा लावला नव्हता.