म्हसोबाच्या औषधाचा गुण

मुक्काम मुठा

राजमान्य राजश्री हैबतराव यांस कोंडिबाचा रामराम. इकडे सर्व ठीक. जे ठीक नाही ते खाली लिहिलं आहे. तुमच्या प्रकृतीची चौकशी करीत नाही. ती नाजूक असल्याचा सरकारी परवानाच तुमच्यापाशी आहे. आमच्या सुंदराताईस नमस्कार.

पुण्याचं वारं लागू नये म्हणून चिरंजीव वाल्मीकला तुम्ही सुटीत मामाकडे धाडलंत. वारं लागलं नाही, सर्दी लागली (थंडीत नदीत डुंबणं हा पंधराव्या वर्षी पराक्रम असतो). आता आमच्याकडे म्हसोबापुढे दारूची धार सोडतात. दारूबंदीच्या कायद्यात देवाचं नाव घालायचं राहून गेलंय. उरलेली बाटली तिथंच दगडापाशी ठेवतात. गावातला अट्टल पिणाराही तिला शिवत नाही. चिरंजिवांनी मात्र वास घेतला. वास ओळखीचा निघाला, बाबांच्या परवान्यावरच्या औषधाचा! मग भरदुपारी सर्दीवर अख्खी बाटली घेतली (तुम्ही घेता तशीच, डोळे मिटून, तोंड वाकडं करून).

तिथून स्वारी म्हसू धनगराच्या मेंढवाड्यात शिरली आणि कोकरांना शिस्तीवर भाषण देता देता आडवी झाली. म्हसूची चिमाबाई ओरडली, "आवं, हितं येक कोकरू बूट घालून निजलंय!" म्हसू म्हणाला, "कोंडिबाचा भाचा हाय त्यो. बलवा त्यास्नी." मी हसत गेलो, आणि हसू दारातच राहिलं. पोर उताणं, अंग गार, ओकारी घशात. म्हसूनं कुशीवर वळवून तोंड साफ केलं, तेव्हा कुठं श्वास लागला. बैलगाडीतून पौडला नेलं. डॉक्टरांनी मलाच झापलं: मोठ्या माणसाला जेवढ्यानं झिंग येते, तेवढ्यानं या वयाचं पोर दगावतं. शुद्धीवर येताच चिरंजीव म्हणाले, "मामा, सर्दी गेली." (गेलेली नाही. नाक वाहतंच आहे.)

आता पोर हिंडतंफिरतं आहे. त्याला मारू नका. छडी उचलावीशी वाटलीच, तर आधी आरसा पाहावा. लोभ आहेच, तो या पत्रानंतरही ठेवावा.

आपला मेहुणा (विनापरवाना),
कोंडिबा

ता. क. म्हसोबाची बाटली भरून द्यायला हवी, गाव रुसलंय. परवाना तुमचा, तेव्हा माल तुम्हीच पाठवा.

आणखी ता. क. एक नको, महिन्याचा सगळाच साठा पाठवा. वाल्मीकच्या देखत देवापुढे ओतीन. काल तो रडवेला होऊन विचारत होता, "मामा, इतकं कडू औषध रोज घ्यावं लागतं, बाबांना झालंय तरी काय? ते मरणार नाहीत ना?" महिनाभर औषधाविना राहून याचं उत्तर तुम्हीच द्या.