अकरा प्रश्नांचा अर्ज

२ जून, सकाळी
नोकरी जाऊन तीन महिने. तात्पुरतं आहे. तोवर मावसबहिणीच्या धान्यकेंद्राची सूत्रं हाती घेतली. ती नर्स, मदतीला तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणी. उत्साह दांडगा, सिस्टिम शून्य. दर शनिवारी जो येईल त्याला पिशवी. कोण, कुठला, विचारणं नाही. आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय! अनुभवी माणूस हवाच होता. (ती म्हणाली, बसूनच आहेस तर पोती उचलायला ये. अर्थ तोच.)

५ जून
अर्ज तयार. अकरा प्रश्न. सातवा माझा लाडका: 'आपल्यावर ही वेळ का आली? थोडक्यात लिहा.' बायकोला वाचून दाखवला. म्हणाली, तांदळाचा डबा खडखडतोय, चार दिवस पुरेल जेमतेम. म्हटलं, कर काहीतरी मॅनेज. तुला जमतं ते.

९ जून, दुपारी
टेबल मांडलं. पेन दोरीने बांधलं, लोकांचा भरवसा नाही. चाळीसेक जण आले. बरेच अर्ज बघूनच फिरले. शिंपीणकाकू सहा प्रश्न लिहून सातव्याशी थांबल्या. कागदाची घडी केली, पर्समध्ये ठेवली आणि रिकाम्या हाताने गेल्या. तीन पोरं आहेत म्हणे घरी. बहीण माझ्याशी बोलेना. बोलेल. शिस्त अंगवळणी पडायला वेळ लागतो.
घरी डबा रिकामा. शेजारून वाटीभर डाळ आणलेली. पातळ होती.

१६ जून
सहाच जण. म्हणजे खरे गरजू सहाच! बाकी सगळे फुकटे. डेटा खोटं बोलत नाही.
रात्री भात, घट्ट डाळ, वर भाजी. म्हटलं होतं ना, मॅनेज होतं! कसं केलं विचारलं तर म्हणाली, झालं. हल्ली कमीच बोलते.

१९ जून
इंटरव्ह्यूला जाणार होतो. अर्जाची सुधारित आवृत्ती राहिली होती. पुढच्या आठवड्यात नक्की.

२३ जून, दुपारी १२
रांग: शून्य. तीन आठवड्यांत इथली भूक संपवली. अहवाल लिहायला घेतला.

१२.४०
फळ्या अर्ध्या रिकाम्या. रांग नाही, मग धान्य गेलं कुठे? कुंपणच शेत खातंय. पुढच्या शनिवारी मागच्या दाराशी पाळत ठेवणार. रंगेहाथ पकडणार.

३० जून, सकाळी ११
पकडलं.
मागच्या गल्लीत भली मोठी रांग. बहीण आणि मैत्रिणी दारातून पिशव्या देताहेत. अर्ज नाही, काही नाही. शिंपीणकाकू तिसऱ्या. ओरडायला तोंड उघडलं, तर रांगेच्या शेवटी बायको.
तिनेही मला पाहिलं. रांग सोडली नाही. बहीण हळूच म्हणाली, वहिनी तिसऱ्यांदा येतेय, तुला सांगू नको म्हणाली.
लाज वाटायला हवी होती. राग तरी. काहीच वाटलं नाही. नंबर येईपर्यंत तिच्याजवळ उभा राहिलो. पिशवी जड होती, मी घेतली. वाटेत ती एवढंच म्हणाली, तिथे कुणी काही विचारत नाही.

दुपारी २
जेवलो. तिने विचारलं, अजून भात वाढू? हो म्हणालो.