कप्पीतली सुतळी

३ ऑक्टोबर

चि. दातकारास आजीचे पोटभर आशीर्वाद.

पत्रास कारण होडी. ती आजोबांनी माझ्या नावावर केली, पण मालकी तू गाजवायचास, म्हणून तुझीच म्हणते. जूनमध्ये धक्क्याला बांधून गेलास तो गेलासच. शीड वर ओढायचा दोर ढिला सोडलास आणि वारा आला की तो डोलकाठीवर आपटतो. टाक टाक टाक, दिवसभर. शेजारचे मास्तर म्हणाले, इतका ठोका तर मी वर्गातही दिला नाही.

शेवटी मीच गेले. दोर काठीपासून लांब ओढला आणि काठीला बाजूने ताणून धरणाऱ्या तारेला बांधून टाकला. आवाज बंद. पण दोर घासून काठीचं रोगण गेलंय, बोटभर खाच पडली आहे. दुसऱ्याने मारलेली गाठ सोडून स्वतः पुन्हा बांधणारा तू. तुझ्या हातून असं व्हावं? एक तर तू आजारी आहेस, नाहीतर काहीतरी लपवतोयस. आजारी असतास तर आईला आधी कळवलं असतंस, एवढंसं दुखलं तरी गावभर करतोस.

आता तुझी बहीण ज्याच्याकडे शिडं शिवते तो शिडवाला होडी वर त्याच्या आवारात ओढून ठेवतोय. दोरांचं काय करायचं ते कळव. तुझ्या बहिणीला विचारलं तर ती शिवणयंत्राकडे तोंड करते. धक्क्याच्या पायऱ्यांवर पडली तेव्हाची कपाळावरची खूण आता फिकी झाली. तू बनवलेली कवळी खालून हलते. तुझं गिऱ्हाईक मी एकटीच असावी, नाहीतर धंदा बसला असता.

तुझी,
आजी

११ ऑक्टोबर

ती. आजीस साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र मिळालं. मी ठणठणीत आहे. कामात फार अडकलो, म्हणून होडीकडे लक्ष गेलं नाही, चुकलंच माझं. तू धक्क्यावर एकटी जाऊ नकोस.

दोर सगळे उतरवून घ्यावेत. उन्हात राहिले की कडक होतात. गोड्या पाण्यात धुऊन, सावलीत वाळवून, वेटोळी करून खुंटीला टांगावेत. काठी तशीच उभी राहू दे. दोर सरळ ओढून काढायला सांग, सुतळी वगैरे ओवत बसू नका, उगाच वेळ जातो.

एक गृहस्थ माप घ्यायला येतील. होडीवर झाकण घालायचं आहे, त्यासाठी. त्यांना बघू दे. धाकटीला हे सांगायची गरज नाही. कवळी घेऊन ये, घासून देतो.

तुझ्या मायेतला,
नातू

१९ ऑक्टोबर

चि. नातवास आशीर्वाद, यावेळी मोजून.

मी चौथीपर्यंतच शिकले, पण नाडी ओवायला शाळा लागत नाही. परकराची नाडी धुवायला काढायची तर तिच्या टोकाला दोरा बांधून मग ओढतात. नाडी बाहेर येते, दोरा आत राहतो, पुन्हा ओवायला सोपं जातं. होडीचंही तेच. दोराच्या टोकाला सुतळी बांधून ओढायचं, म्हणजे काठीच्या टोकाच्या कप्पीत सुतळी राहते. नसेल तर पुढच्या हंगामात कुणीतरी माकड होऊन वर चढायचं. हे मला कुणी शिकवलं? तूच, सात वर्षं दरवर्षी, जसं काही मी पहिल्यांदाच ऐकतेय.

बिनदोऱ्याची नाडी कोण ओढतं? ज्याला तो परकर पुन्हा नेसायचा नाही तो. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

मग तुझे गृहस्थ आले. बूट चकचकीत, हातात टेप. झाकणाचं माप घेणारा बाहेरून मापतो, हा आत शिरून फळ्यांमधलं अंतर मोजत होता. मी विचारलं, झाकण आत घालणार का? तर म्हणाला, नाही आजी, कुंड्या किती बसतील ते बघतोय. त्याचं खाणावळीसारखं काही आहे, पुढे बाग आहे. बागेत होडी, होडीत झेंडूची रोपं आणि काठीवर दिव्यांच्या माळा. तुम्ही देताय ना, नातू म्हणाला, असं वर मलाच विचारतो. मी त्याला पाणी दिलं आणि वाट दाखवली.

शिडवाल्याला सांगून मी प्रत्येक दोरामागे सुतळी ओवून घेतली आहे. तुझी बहीण तिथेच शिवत होती. तिने ते पाहिलं, काम टाकून आली आणि सगळ्या सुतळ्या खाली स्वतः बांधल्या आणि पुन्हा शिवायला बसली. तुम्ही दोघं मिळून मला काय समजता? माझी होडी मला न विचारता कुंडी का झाली, ते लिही. कामाचा बहाणा पुन्हा नको.

आजी

२७ ऑक्टोबर

ती. आजीस साष्टांग नमस्कार. वि. वि.

धाकटी पायऱ्यांवर पडली नव्हती.

जूनमध्ये आम्ही दोघं होडी घेऊन बाहेर गेलो होतो. शिडाखालचा वासा ज्या दोराने धरतात तो मी खुंटीला घाईत एकच वेढा देऊन सोडला. ती म्हणाली होती, दादा, नीट बांध. मी म्हणालो, मला शिकवू नकोस. वारा फिरला, दोर सुटला आणि वासा तिच्या कपाळावर बसून ती पाण्यात गेली. केस हाताला लागले म्हणून बाहेर काढता आली. पायऱ्यांची थाप माझी, तिला गप्प राहायला मीच सांगितलं.

त्या दिवशी होडी धक्क्याला कशीबशी बांधली आणि तिला घेऊन घरी धावलो, म्हणून दोर तसाच राहिला. ती होडी पाण्यात असली तर धाकटी पुन्हा जाईल. कुंड्या भरल्या की जाणार नाही, एवढंच मनात होतं. तुला खरं सांगायची हिंमत नव्हती. रागव, पण होडी देऊन टाक.

तुझा अपराधी,
नातू

४ नोव्हेंबर

चि. दातकारास आशीर्वाद.

रागवायला मला तुझी परवानगी नको. रागावले आहे. दोर सुटला म्हणून नाही, दोर आजोबांच्या हातूनही सुटलेत. थाप मारलीस आणि बहिणीच्या गळ्यात बांधलीस, म्हणून.

तुझं पत्र आल्यावर तिला समोर बसवलं आणि शिवणयंत्रावर कापड टाकलं. मग बोलली. पाण्यात पडले तेव्हा आधी थंडी वाजली, मग राग आला, म्हणाली. भीती वाटली ती नंतर, होडीत. दादाने मला ओढून घेतलं आणि धक्का येईपर्यंत एक अक्षर बोलला नाही. शेवटी बोलला ते एवढंच, की पायऱ्यांवर पडलीस असं सांग. तेव्हापासून त्याचं मला एक पत्र नाही. त्याला वाटत असेल मी त्याला दोष देते. मी तर वाट बघतेय.

तू होडीला भीत नाहीस रे. तिच्या तोंडाकडे बघायला भितोस.

तेव्हा ऐक. होडी कुठेही जाणार नाही. पुढच्या हंगामात ती तुझी बहीण चालवेल, तिचं ठरलंय, मला विचारलंही नाही, घराण्याची खोडच ती. तू आलास तर ती सांगेल तो दोर धरशील आणि सांगेल तितके वेढे देशील. नाही आलास तर शिडवाला धरेल, पण तो तिचा भाऊ नाही.

लोभ असाच राहो असं आज लिहीत नाही, माझ्यावरचा तुझा लोभ मला ठाऊक आहे. उलटटपाली उत्तर हवं. पत्ता तोच, फक्त पाकिटावर नाव तिचं घाल. माझ्या नावाचं आलं तर मी फोडणार नाही.

आजी